नदी मोकळी झाली आणि तांबं वर आलं

१९२० चं दशक संपत आलं तेव्हा जगाला तांब्याची भूक लागली होती. शहरांमधून विजेच्या तारा पसरत होत्या, मोटारी वाढत होत्या, टेलिफोनचं जाळं लांबत चाललं होतं. आणि आफ्रिकेच्या मध्यात, तेव्हाच्या उत्तर ऱ्होडेशियात, म्हणजे आजच्या झांबियात, लुआन्श्या नदीच्या खोऱ्यात जमिनीखाली तांब्याचा अफाट साठा असल्याचं कळलं होतं. जागेचं नाव रोन अँटिलोप. १९०२ साली विल्यम कॉलियर नावाच्या शोधकाने रोन जातीचं मोठं हरीण मारलं, ते जिथे कोसळलं तिथल्या खडकावर त्याला तांब्याची हिरवी झाक दिसली, आणि त्या हरणाचंच नाव पुढे खाणीला मिळालं, अशी तिथली जुनी कथा.

पैसा लंडनमध्ये उभा राहिला होता, यंत्रं येत होती, शाफ्ट खोल जात होते. अडत होतं एकाच ठिकाणी. माणसं टिकत नव्हती. दूरच्या गावांमधून कामगार यायचे, तापाने फणफणायचे, काही मरायचे आणि उरलेले रातोरात निघून जायचे. आसपासच्या लांबा लोकांमध्ये या नदीत राहणाऱ्या एका प्रचंड सापाची गोष्ट सांगितली जाई. खोऱ्यात घुसणाऱ्याला तो सोडत नाही, अशी समजूत होती. लुआन्श्याला जाऊ नका, तिथे माणसं जगत नाहीत, हे गावोगावी पसरलं. मला या सापाबद्दल नेहमी आदर वाटतो. लोकांनी जागा अगदी अचूक ओळखली होती: धोका नदीतच होता, आणि नव्याने येणाऱ्यालाच तो आधी गाठत होता.

१९२९ मध्ये कंपनीने लंडनच्या रॉस इन्स्टिट्यूटकडे मदत मागितली. या संस्थेचं नाव ज्यांच्यावरून पडलं ते रोनाल्ड रॉस जन्मले अल्मोड्यात, आणि डासाच्या पोटात मलेरियाचा जंतू त्यांना दिसला तो सिकंदराबादेत, २० ऑगस्ट १८९७ रोजी. त्या शोधाला जेमतेम तीन दशकं झाली होती. एका देशाची अख्खी अर्थव्यवस्था आता त्याच्यावर उभी राहणार होती.

रॉस इन्स्टिट्यूटकडून आले सर माल्कम वॉटसन. हा माणूस १९०१ पासून मलायात काम करत होता, आधी क्लांग आणि पोर्ट स्वेटनहॅम या गावांत, मग रबराच्या मळ्यांवर. तिथे ते जे शिकले ते आज वाचतानाही थक्क व्हायला होतं. सपाटीवरच्या जंगलात मलेरिया पसरवणारा अ‍ॅनोफिलीस अम्ब्रोसस सावलीतल्या दलदलीत वाढणारा. झाडी तोडली, चर खणले, पाणी काढून दिलं की तो हटला आणि तापही हटला. या यशाने खूश होऊन तेच डोंगराळ मळ्यांवर केलं, तर ताप भडकला! कारण डोंगरातला अ‍ॅनोफिलीस मॅक्युलेटस उन्हातल्या वाहत्या झऱ्याच्या काठाने वाढतो. झाडी तोडून माणसांनी त्याला हवं तसं उघडं, उबदार पाणी करून दिलं होतं. तिथे झरे जमिनीखालच्या नळांमधून न्यावे लागले. म्हणजे ‘डास मारा’ हा हुकूम काही कामाचा नव्हता. कोणता डास, तो कुठल्या पाण्यात अंडी घालतो, त्या पाण्यावर किती ऊन पडतं, ते किती वेगाने वाहतं, हे सगळं आधी कळायला हवं होतं.

अ‍ॅनोफिलीसची अळी एकदा जवळून बघावी. आपल्या हौदात किंवा गटारात दिसणाऱ्या क्युलेक्स डासाच्या अळ्या डोकं खाली करून, शेपटाकडची नळी वर काढून पाण्यात लोंबकळतात. अ‍ॅनोफिलीसच्या अळीला अशी लांब नळी नसते. ती पाण्याच्या पृष्ठभागाला समांतर, आडवी पडून राहते. श्वासाची छिद्रं पाठीच्या बाजूला, वर हवेकडे. खायचं असतं मात्र पाण्याच्या कातडीवर तरंगणारं बारीक शेवाळ आणि जिवाणू, आणि तोंड तर खाली. मग ती काय करते? शरीर जसंच्या तसं ठेवून फक्त डोकं मानेत अर्धा फेरा फिरवते, आणि पाण्याचा वरचा थर विंचरत खात बसते. तिला शांत पाणी लागतं. प्रवाहाला थोडा जरी जोर आला, काठचं गवत, बुडालेली फांदी, खळगा असा आडोसा नसला, तर ती टिकत नाही. पाण्यावर तेलाचा पातळ तवंग आला की श्वासाची छिद्रं बंद होऊन ती गुदमरते. एवढ्याशा जिवाच्या या सवयी, आणि त्यांच्याशी हजारो माणसांचं जगणं-मरणं बांधलेलं.

लुआन्श्यात दोन डास होते. अ‍ॅनोफिलीस फ्युनेस्टस काठच्या झाडीच्या सावलीत, गवताने अडलेल्या संथ, स्वच्छ पाण्यात वाढणारा. अ‍ॅनोफिलीस गॅम्बिए नेमका उलटा. त्याला उघडी, उन्हातली छोटी डबकी लागतात, गुरांच्या खुरांचे खळगे, गाडीच्या चाकोऱ्या, माती काढून झालेले खड्डे. खाण सुरू करायची म्हणजे जंगल तोडायचं, रस्ते करायचे, माती उकरायची. प्रत्येक नवा खड्डा गॅम्बिएसाठी पाळणाघर. आणि जंगल तसंच ठेवलं तर फ्युनेस्टस आहेच.

उपाय केला तो नदीवरच. लुआन्श्याच्या पात्रातली वाढलेली झाडंझुडपं, वेली आणि ओंडके काढून टाकले, काठ आखून घेतले, पाणी अडेल असे कोपरे मोकळे केले. ‘दांबो’ म्हणतात ती पावसाळ्यात भरणारी गवताळ, चिबड जमीन चर खणून कोरडी केली. जिथे पाणी काढून देणं शक्य नव्हतं तिथे तेल फवारलं. घरांच्या दारं-खिडक्यांना जाळ्या बसवल्या. काही लोकांना कोयनेल दिलं, काहींना मच्छरदाण्या. इथवर ही गोष्ट इंजिनिअरिंगची. मला सगळ्यात मोठी वाटते ती पुढची गोष्ट, दर महिन्याच्या नोंदीची. कुठे किती डास सापडले, त्या महिन्यात किती जणांना ताप आला, हे मोजून पुढच्या महिन्याचं काम ठरायचं. आकडा वाढला की कुठेतरी चर तुंबलाय, कुठेतरी नवं डबकं झालंय, हे समजून माणसं ते शोधायला निघायची.

तीन ते पाच वर्षांत मलेरियाचे मृत्यू, आजारपण आणि नवी लागण ७० ते ९५ टक्क्यांनी खाली आली. डीडीटीने डास मरतात हे अजून कुणाला ठाऊकही नव्हतं. युर्ग उत्झिंगर, येशिम तोझान आणि बर्टन सिंगर या संशोधकांनी २००१ मध्ये तिथल्या चार तांब्याच्या खाणींची जुनी दप्तरं काढून १९२९ ते १९४९ या वीस वर्षांचा हिशेब मांडला. त्यांच्या अंदाजाने ४,१७३ मृत्यू टळले आणि तापाचे १,६१,२०५ झटके टळले. पण त्या अभ्यासातला मला चक्रावून टाकणारा आकडा दुसराच आहे. आजाराने किंवा अकाली मृत्यूने वाया जाणारं निरोगी आयुष्याचं एक वर्ष वाचवायला सुरुवातीच्या वर्षांत ५२४ ते ५९१ डॉलर पडत होते. हे महागच म्हणायचं. नंतर तोच खर्च २२ ते ९२ डॉलरवर उतरला. एकदा नदी मोकळी झाली की ती तशी राखायला गवत काढणारी माणसं, फावडी आणि दर महिन्याची नजर एवढं पुरतं. औषधाची गोळी रोज नवी घ्यावी लागते. आखलेला काठ पुढच्या वर्षीही तिथेच असतो. खाणीच्या भांडवलात शाफ्ट, भट्टी, रेल्वे मोजतात. नदीचा तो काठही त्याच यादीत मोजायला हवा.

एका तापाचा खर्च खाणीच्या वहीत कुठेकुठे उमटतो, हे पाहिलं की आरोग्य आणि पैसा यांचं नातं किती दाट विणलेलं आहे ते दिसतं. कामगार पाळीवर आला नाही, म्हणजे एक हजेरी बुडाली, हे सगळ्यात वरवरचं. तो ज्या टोळीत काम करतो ती टोळीही त्या दिवशी अडखळते. जमिनीखाली सुरुंगाची भोकं पाडणं आणि छताला टेकू देणं ही कामं सरावाची असतात. सरावलेला माणूस मेला किंवा पळाला तर नव्या माणसाला गावातून आणायचं, पोसायचं, शिकवायचं, आणि शिकेपर्यंत त्याच्या हातून होणारे अपघात सोसायचे. नवा माणूस मलेरिया नसलेल्या भागातला असेल तर त्याच्या अंगात प्रतिकार नसतो, मग तोही पडतो. असं चक्र सुरू झालं की खनिज कितीही कसदार असो, त्या खाणीला कर्ज द्यायला बँक मिळत नाही.

आणि हे फक्त कामगाराचं झालं. मलेरियाने पोराची पानथरी सुजते, रक्त कमी होतं, ते शाळेत बसलं तरी झोपाळलेलं असतं. गावातल्या किती मुलांची पानथरी वाढलीय हे हाताने चाचपून मलेरियाचं प्रमाण काढायची पद्धत त्या काळात सर्रास होती, मलायात वॉटसनही हेच करत. अर्थशास्त्रज्ञ होइट ब्लीकली यांनी अमेरिकेच्या दक्षिणेतल्या १९२० च्या सुमाराच्या आणि ब्राझील, कोलंबिया, मेक्सिको इथल्या १९५० च्या दशकातल्या मलेरिया मोहिमांचा माग काढला. मोहिमेनंतर जन्मलेली, लहानपणी ताप न भोगलेली मुलं मोठेपणी आधीच्या पिढीपेक्षा जास्त कमावताना दिसली. म्हणजे आज बुजवलेल्या डबक्याचं उत्पन्न वीस-तीस वर्षांनी एखाद्या माणसाच्या पगारात दिसतं. जॉन गॅलप आणि जेफ्री सॅक्स यांनी २००१ मध्ये देशादेशांची तुलना केली तेव्हा १९६५ ते १९९० या काळात तीव्र मलेरिया असलेल्या देशांची दरडोई वाढ इतरांपेक्षा वर्षाला १.३ टक्क्यांनी कमी निघाली. पंचवीस वर्षं साचत गेलं की हे अंतर प्रचंड होतं.

हे सगळं वादातीत नाही, आणि वादही मोलाचा आहे. डॅरन असेमोग्लू आणि सायमन जॉन्सन यांनी २००७ मध्ये दाखवलं की विसाव्या शतकाच्या मध्यावर औषधांमुळे आयुर्मान झपाट्याने वाढलं, पण त्याबरोबर लोकसंख्याही वाढली, आणि दरडोई उत्पन्न अपेक्षेप्रमाणे उसळलं नाही. मला यातून एवढं कळतं की निरोगी शरीराला काम, जमीन आणि शिक्षण मिळालं नाही तर त्याची ताकद मालमत्तेत बदलत नाही. खाणीच्या मुलखात हा प्रश्न फार उघडा दिसतो. तिथे काम आहे, पैसा आहे, आणि तो एका रेषेच्या आत आहे.

रेषेच्या बाहेर काय चाललं होतं? मानववंशशास्त्रज्ञ ऑड्री रिचर्ड्स १९३० च्या दशकात त्याच देशातल्या बेम्बा लोकांत राहिल्या आणि १९३९ मध्ये त्यांनी जमीन, श्रम आणि आहार यांवरचं आपलं पुस्तक प्रसिद्ध केलं. बेम्बांची शेती झाडांच्या फांद्या तोडून, रचून, जाळून त्या राखेत नाचणी पेरण्याची. झाडावर चढून फांद्या तोडणं हे पुरुषांचं, तरुणांचं काम. तरुण खाणीवर गेले. गावात बायका, म्हातारे आणि पोरं उरली. फांद्या तुटेनात, राख कमी, नाचणी कमी, आणि कापणीच्या आधीचे भुकेचे महिने लांबत गेले. खाणीवरच्या माणसाचा ताप उतरत होता त्याच वर्षांत त्याच्या घरी कोठार लवकर रिकामं होत होतं. आपल्याकडे कोकणातल्या ज्या घरांनी मुंबईच्या गिरण्यांना माणसं दिली, त्यांना ही गोष्ट समजावून सांगावी लागणार नाही.

आणि निरोगी झालेला कामगार गप्प बसत नाही, हेही लुआन्श्याने पाहिलं. मे १९३५ मध्ये डोईकर वाढवल्यावर या खाणींच्या मुलखात, म्हणजे तांबेपट्ट्यात, संप झाला. लुआन्श्यात पोलिसांच्या गोळीबारात सहा खाणकामगार मारले गेले. नदीच्या काठाची काळजी घेणारी यंत्रणा आणि मजुरी दाबणारी यंत्रणा एकाच गावात होती. दोन्ही एकाच हिशेबातून आल्या होत्या. कामगार जगायला हवा, कारण नवा आणणं महाग पडतं. त्याला जास्त द्यायला नको, कारण तेही महाग पडतं.

नवा माणूस आणणं स्वस्त असेल तर काय होतं, हे दक्षिण आफ्रिकेत, जोहान्सबर्गजवळच्या विटवॉटर्सरँडच्या सोन्याच्या खाणींनी दाखवलं. तिथे मोझांबिक, लेसोथो, न्यासालँड अशा दूरदूरच्या मुलखांतून करारावर माणसं येत, मुदत संपली की परत जात. उष्ण प्रदेशांतून आलेले कामगार न्यूमोनियाने इतके मरत की १९१३ मध्ये दक्षिण २२ अक्षांशाच्या उत्तरेकडून भरती करण्यावर बंदी घालावी लागली. बॅरकमध्ये दाटीवाटीने झोपणारी, वेगवेगळ्या मुलखांतून आलेली माणसं, म्हणजे न्यूमोकॉकस जिवाणूला मोकळं रान. मालकांनी १९११ मध्ये लंडनहून अल्मरॉथ राइट यांना बोलावलं, त्यांनी खाणकामगारांवर न्यूमोनियाच्या लशीचे पहिले मोठे प्रयोग केले. ते प्रयोग धड जमले नाहीत. त्यांच्यामागे तिथेच काम करणाऱ्या स्पेन्सर लिस्टर यांच्या लक्षात आलं की हा जिवाणू एक नाही, त्याचे अनेक प्रकार आहेत, आणि एका प्रकाराची लस दुसऱ्यावर चालत नाही. साठ वर्षांनी, १९७० च्या दशकात, रॉबर्ट ऑस्ट्रियन यांनी अनेक प्रकार एकत्र केलेली लस पुन्हा दक्षिण आफ्रिकेच्या नव्या सोने-खाणकामगारांवरच तपासली. लशीत असलेल्या प्रकारांचा न्यूमोनिया तीन-चतुर्थांशाहून अधिक घटला, आणि १९७७ मध्ये अमेरिकेत तिला परवाना मिळाला. आज पुण्या-मुंबईत डॉक्टर साठी ओलांडलेल्या आजी-आजोबांना न्यूमोनियाची लस घ्यायला सांगतात, तिची वंशावळ जोहान्सबर्गच्या त्या बॅरकांपर्यंत जाते. वर्णभेदाच्या राज्यात, खाणमालकांच्या कवेत राहणाऱ्या त्या माणसांना नकार द्यायला कितपत जागा होती, हा प्रश्नही त्या वंशावळीतच आहे.

न्यूमोनिया लगेच मारत होता, म्हणून त्याची दखल घेतली गेली. धूळ सावकाश मारत होती. सोनं असलेला तिथला खडक गारगोटीचा. भोक पाडताना उडणारा सिलिकाचा अतिबारीक कण फुप्फुसाच्या तळापर्यंत जातो. तिथली रक्षक पेशी त्याला नेहमीच्या जंतूसारखा गिळते. तो कण पचत नाही, उलट तीच फुटून मरते आणि कण पुन्हा मोकळा. दुसरी पेशी येते, गिळते, मरते. धूळ आत जाणं थांबल्यावरही हे चालूच राहतं, आणि फुप्फुसात चिवट गाठी होत जातात. हाच आजार सिलिकोसिस. ज्या पेशी मरतात त्याच क्षयाच्या जंतूला रोखणाऱ्या असतात, म्हणून सिलिकोसिस झालेल्याला क्षय फार लवकर धरतो. करार संपलेला, खोकणारा माणूस लेसोथोच्या किंवा मोझांबिकच्या गावी परत जायचा आणि घरातल्या एका खोलीत सगळ्यांबरोबर झोपायचा. खाणीच्या वहीत त्याचं नाव तोवर पुसलं गेलेलं असे. आजाराचा खर्च नाहीसा होत नव्हता, तो सरहद्दीपलीकडच्या गरीब घरांच्या माथी जात होता. सोनं जिथून निघालं तो भाग श्रीमंत झाला आणि मजूर पुरवणारे मुलूख गरीबच राहिले, याच्या अनेक कारणांपैकी हे एक मोठं कारण आहे. २०१९ मध्ये जोहान्सबर्गच्या उच्च न्यायालयाने सोने-कंपन्या आणि आजारी कामगार यांच्यातली पाच अब्ज रँडची तडजोड मंजूर केली. १९६५ पासून काम केलेल्यांना तिचा लाभ मिळू शकतो. तोवर कित्येक जण गेले होते.

इथे एक योगायोग सांगितल्याशिवाय राहवत नाही. रोन अँटिलोपमागे ज्यांचं भांडवल होतं त्या आल्फ्रेड चेस्टर बीटी यांनी तरुणपणी अमेरिकेतल्या खाणींमध्ये काम केलं होतं, आणि त्यांच्या स्वतःच्या फुप्फुसांत सिलिकोसिस होता. आजारी फुप्फुसांच्या याच माणसाच्या कंपनीने मलेरियातज्ज्ञाला बोलावलं. त्यामागे स्वतःच्या आजाराची आठवण होती की निव्वळ हिशेब, हे कागदावरून ठरवता येणार नाही.

झांबिया १९६४ मध्ये स्वतंत्र झाला तेव्हा तांबं ही देशाची जवळपास सगळी निर्यात होती, आणि खाणवस्त्यांमध्ये दवाखाने, स्वच्छ पाणी, निचऱ्याच्या वाटा होत्या. १९७५ च्या सुमारास तांब्याचे भाव कोसळले. त्यानंतर कुठल्याही एका दिवशी मोठं काही घडलं नाही. गवत काढणाऱ्यांच्या टोळ्या कमी झाल्या, चर तुंबले, महिन्याच्या नोंदी थांबल्या, आणि ताप परत आला. त्यातच एचआयव्हीची साथ. खाणीची नोकरी घरापासून दूर, पगार रोख, बायका-मुलं गावी, अशी रचना असलेल्या मुलखात हा विषाणू वणव्यासारखा पसरला. विसाव्या शतकाच्या अखेरीस झांबियाचं सरासरी आयुर्मान पन्नाशीच्या खाली घसरलं होतं. लुआन्श्याची खाण १९९७ मध्ये भारतातल्या बिनानी समूहाने घेतली आणि २००० मध्ये ती कंपनी बुडाली. दवाखान्यापासून पाण्यापर्यंत सगळं खाणीवर अवलंबून असलेल्या गावाला खाण थांबल्यावर काय होतं, ते त्या शहराने भोगलं.

मग पुन्हा तोच जुना धडा, नव्या हत्यारांनी. २००० मध्ये कोंकोला कॉपर माइन्सने चिंगोला आणि चिलिलाबोम्ब्वे या गावांत घरांच्या भिंतींवर कीटकनाशक फवारायला सुरुवात केली, आणि फवारणीच्या पहिल्याच हंगामानंतर मलेरियाचे रुग्ण घटले. २००२ मध्ये दक्षिण आफ्रिकेत अँग्लो अमेरिकन कंपनीने आपल्या एचआयव्हीबाधित कामगारांना मोफत औषधं द्यायचं जाहीर केलं. तेव्हा ही औषधं महाग होती आणि अनेकांना हे परवडणारच नाही असं वाटत होतं. नंतर तिथल्या कोळसाखाणींच्या आकड्यांवरून संशोधकांनी हिशेब केला, तेव्हा औषधं देणं न देण्यापेक्षा कंपनीला स्वस्त पडत असल्याचं दिसलं. गैरहजेरी, बदली माणूस, अकाली निवृत्तीचे पैसे, हे सगळं त्या गोळ्यांपेक्षा महाग होतं.

पण खाणीचा हिशेब चालू खाणीपुरताच असतो. झांबियातच काब्वे नावाचं शहर आहे, तिथली शिसं आणि जस्ताची खाण नव्वदेक वर्षं चालून १९९४ मध्ये बंद झाली. शिसं मात्र अंगणातल्या मातीत राहिलं. रांगणारी पोरं हात तोंडात घालतात, आणि शिसं शरीरात कॅल्शियम असल्याचं सोंग घेऊन हाडांत आणि मेंदूत शिरतं. जवळच्या वस्त्यांमधल्या बहुसंख्य मुलांच्या रक्तात शिशाचं प्रमाण धोक्याच्या कितीतरी वर आढळलं आहे. लहानपणी घटलेली आकलनशक्ती आणि एकाग्रता नंतर भरून येत नाही. लुआन्श्यात माणसांचं आरोग्य सुधारल्यावर खाण चालली. काब्वेत चाललेल्या खाणीने, बंद झाल्यावरही, त्या शहराची पुढची कमाई करणारी डोकीच कमकुवत केली. एकाच देशात, एकमेकांपासून काही तासांच्या अंतरावर, या दोन्ही गोष्टी आहेत.

महाराष्ट्रात हा विषय दूरचा नाही. गडचिरोली हा राज्यातल्या सर्वाधिक मलेरियाच्या जिल्ह्यांपैकी एक, आणि त्याच जिल्ह्यात, एटापल्ली तालुक्यातल्या सुरजागडच्या डोंगरावर गेल्या दशकात लोहखनिजाचं मोठं खाणकाम उभं राहिलं आहे. तिथेही जंगल, ओढे, पावसाळ्यात तुटणाऱ्या वाटा, आणि फॅल्सिपॅरम हा मलेरियाचा घातक प्रकार. रस्ते, खड्डे, बाहेरून येणारे कामगार, अवजड गाड्यांच्या चाकोऱ्यांत साचणारं पाणी. वॉटसन यांनी तिथे पाऊल ठेवलं असतं तर पहिला प्रश्न विचारला असता तो कोणता डास कुठल्या पाण्यात आहे हाच. २०१५ मध्ये खनिज कायद्यात बदल होऊन प्रत्येक खाण-जिल्ह्यात जिल्हा खनिज प्रतिष्ठान स्थापन करणं बंधनकारक झालं. स्वामित्वधनाच्या प्रमाणात खाणचालकाने त्यात पैसे भरायचे आणि त्यातला मोठा वाटा पिण्याचं पाणी, आरोग्य, शिक्षण, पर्यावरण अशा अग्रक्रमाच्या कामांवर, खाणीने बाधित गावांत खर्च करायचा असा नियम आहे. हा पैसा पुष्कळदा इमारतींवर जातो, कारण इमारत दिसते आणि तिचं उद्घाटन करता येतं. माझं म्हणणं इतकंच की त्यातून दर गावाला एक माणूस नेमावा, जो दर महिन्याला ओढ्याकाठच्या अळ्या मोजेल, तापाच्या रुग्णांची नोंद ठेवेल, आणि आकडा वाढला की फावडं घेऊन कुठे जायचं ते सांगेल. आणि त्याची हद्द खाणीच्या कुंपणापाशी संपू नये, मजूर जिथून येतात त्या पाड्यांपर्यंत जावी. नव्वद वर्षांपूर्वी, डीडीटीशिवाय, याच कामाने तांबेपट्ट्यातला ताप उतरवला होता.